आठ म्हशींचे वेळापत्रक

भरल्या विहिरीच्या काठावर आयुष्य काढलेल्या बाईची मूत्रपिंडे पाण्यावाचून निकामी कशी होतात? मथुराबाई गेल्यापासून मी हा प्रश्न स्वतःला विचारते आहे, आणि हा लेख त्याचे उत्तर शोधण्यासाठीच लिहायला घेतला आहे. तिच्या आठवणीने हळहळायचे एवढाच हेतू असता, तर ते घरात बसूनही करता आले असते. पण मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. कारण आणि परिणाम एकाखाली एक लिहून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. या वेळी लिहिताना मात्र हात मागे येतो, कारण कारणांच्या रकान्यात माझेही नाव येते आहे.

मथुराबाईच्या गोठ्यातून माझ्याकडे दूध येत असे. त्या दिवशीही रोजच्या वेळेला तिच्या मुलीने, सुमनने, कडी वाजवली. तिने माप भरून दूध ओतले, फेस बसेपर्यंत थांबली, मग वर थोडे घातले आणि किटलीचे झाकण लावता लावता म्हणाली, "बाई, आई गेली. पहाटं."

पातेले माझ्या हातातच होते. तोंडातून गेले ते एवढेच, "अगं, आणि तू दूध घालत फिरतेस?"

"मंग? म्हशींना काय सांगू, आज सुतक हाय, दूध देव नका?" तिने किटली उचलली. "दोन घरां राह्यलीत. ती उरकून येतंय. तू हो पुढं."

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी मुंबईजवळ खाडीकाठच्या बाळकुमला राहायला आले, तेव्हा ते गावच होते. शाळा खोपट नावाच्या वस्तीत होती आणि तिथून घरी येईपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना अजून भातखाचरे दिसत. माझ्या खोलीच्या मागे मथुराबाईचा गोठा होता. नवरा लवकर गेलेला, सासू अंथरुणाला खिळलेली, पदरात एक मुलगी आणि दावणीला आठ म्हशी. तिच्या घरच्या बोलीत 'तुम्ही' हा शब्द नव्हताच. पहिल्या भेटीत तिने मला नखशिखान्त न्याहाळले आणि विचारले, "तू शाळंत शिकवतंस? मंग इतकी वालकी काकडी कशी? उद्यापासून शेरभर दूध घे. नाय आवडलं तं म्हशीला सांग, मना नको." दुसऱ्या दिवसापासून दूध सुरू झाले आणि मीही तिला अगं-तुगं करू लागले.

माझ्या ओसरीवर दोन तापमापके टांगलेली असत. एक साधे, दुसऱ्याच्या फुग्याला ओले फडके गुंडाळलेले. सुटीच्या दिवसांत मी रोज दुपारी अडीच वाजता दोन्हींची नोंद करीत असे. मथुराबाईला त्याची फार गंमत वाटे. "बाई, तुझी परकराची काठी आज काय बोलतंय?" असे ती कुंपणावरून विचारी. परकराची म्हणजे फडके गुंडाळलेली. मी तिला एकदा नीट समजावून सांगितले होते. हवा कोरडी असली की फडक्यातले पाणी उडते आणि तो पारा खाली राहतो. हवा दमट असली की पाणी उडत नाही आणि दोन्ही पारे जवळ येतात. दोन्ही पारे वर आणि शेजारी शेजारी असतील तर अंगावरचा घामही उडत नाही, आणि शरीराला स्वतःला थंड करण्याचा मार्गच उरत नाही. आपल्या खाडीकाठची हवा तशीच आहे. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हशीला तं घामच येत नाय. मंग तिचं काय?"

प्रश्न अगदी योग्य होता. म्हशीची कातडी काळी आणि जाड, घामाच्या ग्रंथी थोड्या. घामाऐवजी निसर्गाने तिला डुंबण्याची बुद्धी दिली आहे. म्हणूनच बाळकुमच्या त्या तळ्याला महत्त्व होते. अकराच्या सुमारास मथुराबाई आठही जनावरे तळ्यावर नेई. ती पाण्यात बसत, हवे तेव्हा पीत. ही काठावर करंजाच्या सावलीत लोटा घेऊन बसे, सुपारी कातरी, येणाऱ्या-जाणाऱ्याची टर उडवी आणि मनसोक्त पाणी पिई. त्या वर्षांत तिला कधी डोके दुखल्याचेही मी ऐकले नाही.

तिच्या सासूने घालून दिलेला एक नियम मला तेव्हाच कळला होता. एकही जनावर तहानलेले असेल तोवर गोठ्याच्या बाईने पाण्याला तोंड लावायचे नाही. "ढोरां तान्हेली आन् बाय पानी पिली, का म्हस पान्हा चोरतंय," ती सांगे. म्हणजे म्हैस दूध वर ओढून धरते, सडात उतरू देत नाही. तळ्याच्या दिवसांत हा नियम कुणाला बोचत नव्हता. म्हशी पाण्यातच असल्यावर तहानलेल्या असण्याचा प्रश्न येतो कुठे? नियम जुना होता, तळेही जुने होते, आणि दोघे एकमेकांच्या आधाराने उभे होते. हे वाक्य मला आज लिहिता येते. तेव्हा कुणी सांगितले असते तरी पटले नसते.

मग तळे बुजले. इमारती यायच्या होत्या, म्हणून दगडमातीचे डंपर आले आणि एका हिवाळ्यात पाण्याच्या जागी मैदान झाले. गावाने फारशी हरकत घेतली नाही. मीही घेतली नाही. उलट आता डास कमी होतील, असे मी शेजारणीला म्हटल्याचे मला स्वच्छ आठवते. पाठोपाठ रस्त्याकडेची झाडे गेली, खाचरांवर सिमेंट आले आणि गोठ्यावर कौलांच्या जागी पत्रे आले. माझ्या वहीत दोन्ही पारे दरवर्षी थोडे अधिक वर आणि एकमेकांच्या थोडे अधिक जवळ दिसू लागले. तेवढ्यावरून सगळ्या पृथ्वीबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. एका ओसरीची वही म्हणजे जग नव्हे. पण पृथ्वी तापत असल्याचे लेख वर्तमानपत्रांत त्याच सुमारास येऊ लागले होते आणि मी ते वर्गात वाचून दाखवत असे. मुलांना मी ध्रुवावरचे बर्फ सांगितले, समुद्रात बुडणारी बेटे सांगितली... शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आठ म्हशी पत्र्याखाली जिभा काढून उभ्या होत्या, त्या मात्र सांगितल्या नाहीत.

तळे गेल्यानंतरच्या पहिल्याच वैशाखात चंद्री नावाची म्हैस भर दुपारी कोसळली. मथुराबाईने तिच्यावर बादल्यांमागून बादल्या ओतल्या, पण तोवर उशीर झाला होता. संध्याकाळी मथुराबाई माझ्या ओसरीवर आली आणि तापमापकासमोर उभी राहिली. रडली नाही. "तू रोज लिवतंस ना? मंग ते मना सांगत का नाय? वहीत लिवून कुनाची ढोरां वाचली?"

मला ते फार लागले. शिक्षकाला लागले की तो काय करतो? तक्ता करतो. मी पशुवैद्यक खात्याचे पत्रक मिळवले, दोन दिवस वाचले आणि एका जाड पुठ्ठ्यावर वेळापत्रक आखले. अकरा ते पाच, दर दीड तासाने प्रत्येक म्हशीला पाणी पाजायचे आणि लगेच तिच्या पाठीवर पाणी ओतायचे. चंद्रीच्या जागी नवी म्हैस आली होती, म्हणून रकाने पुन्हा आठ. मथुराबाईला वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक रकान्यावर त्या त्या म्हशीची खूण काढली. एकीचे वाकडे शिंग, एकीच्या कपाळावरचा पांढरा टिळा, एकीची तुटकी शेपटी. ते बघून ती इतकी हसली की तिला खोकला लागला. "बाई, पोरगी बघायला येतात तशी माझी एकेक म्हस बघितलंस तू!" तिने पुठ्ठा गोठ्याच्या मधल्या खांबावर टांगला आणि त्या दिवसापासून तो तंतोतंत पाळला. माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याने माझे ऐकले नाही, इतके तिने ऐकले.

आता इथे वाचकाने थोडे थांबून माझ्याबरोबर विचार करावा. विहीर एक, रहाट एक, ओढणारी बाई एक. आठ म्हशींना पाणी पाजून त्यांच्यावर पाणी ओतायला तिला सव्वा तासाहून अधिक वेळ लागे. आठवीच्या पाठीवर पाणी पडेतो पहिली पुन्हा जीभ बाहेर काढून उभी असे, आणि पुढची पाळी सुरू होई. नियम सांगत होता की एकही जनावर तहानलेले असताना प्यायचे नाही. वेळापत्रक सांगत होते की अकरापासून पाचपर्यंत कुठले ना कुठले जनावर तहानलेलेच असणार. सासूचा नियम आणि माझा पुठ्ठा यांच्या मध्ये एक बाई सहा तास, वर्षातल्या सर्वांत तापलेल्या दिवसांत, विहिरीतून पाणी ओढत राहिली आणि त्यातला एक थेंबही प्याली नाही. असे एक उन्हाळा नाही, पाच उन्हाळे चालले.

मला हे दिसत नव्हते का? दिसत होते. हेच या लेखातले सर्वांत कठीण वाक्य आहे. एकदा मी दुपारी गोठ्यात गेले असता तिचे ओठ पांढरे पडलेले होते. मी म्हटले, "अगं, घोटभर पी तरी." ती म्हणाली, "तिसरी राह्यलीय. तुझ्याच कागदात हाय बघ." मी हसले. मला ती निष्ठा सुंदर वाटली. म्हशीने पान्हा चोरण्याची समजूत खरी की खोटी, हे तपासायला एक लोटा आणि एक सकाळ पुरली असती. मी विज्ञानाची शिक्षिका होते आणि मी ती तपासली नाही. सुंदर वाटणारी गोष्ट आपण तपासत नाही, असे माझे माझ्याबद्दलचे निरीक्षण आहे.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चालले असते. त्या उन्हाळ्यांत इतर गोठ्यांत दूध घटले आणि मथुराबाईकडे टिकले, म्हणून आमच्या शाळेने विज्ञान प्रदर्शनात ते वेळापत्रक मांडले आणि तिला व्यासपीठावर बोलावले. ती तेवढी दुपारची पाळी सुमनवर सोपवून, इरकली लुगडे नेसून, खोपटपर्यंत चालत आली. तिला कोकम सरबताचा पेला दिला. तिने तो हातात धरला आणि तसाच खाली ठेवला. मी ध्वनिक्षेपकावरून मुलांना सांगितले, "पाहा, घरी जनावरे तहानलेली आहेत, म्हणून या सरबतसुद्धा घेत नाहीत. आधी मुके जनावर, मग आपण!" सभागृहाने टाळ्या वाजवल्या. ती खाली बघत लाजून हसली. त्या दिवसानंतर तो नियम सासूचा राहिला नाही. तो शाळेचा झाला, माझा झाला, आणि टाळ्या पडल्यावर तिला तो मोडणे शक्यच उरले नाही.

पुढे लघवीला जळजळ सुरू झाली. मग कंबर धरू लागली. औषधाच्या दुकानातून ती दुखण्याच्या गोळ्या आणी आणि कोरड्या तोंडाने गिळी. "गोली गिलायला पानी कशाला पायजे? थुकी हाय ना," असे वर सांगायची. मग पाय सुजले. तेव्हाही तिने थट्टाच केली, "बाई, तू वालकी काकडी, आन् मी बघ, दुधी भोपला झाली." मी तिला मोठ्या दवाखान्यात नेले. तरुण डॉक्टरांनी कागद पाहिले आणि विचारले, "मावशी, दिवसाला पाणी किती पिता?"

"पानी मी कुठं पितंय डाक्टर? म्हशी पितात."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मला बाहेर बोलावले. मूत्रपिंडे जवळजवळ संपली आहेत, वर्षानुवर्षांची तहान आणि त्यावर त्या गोळ्या, दोन्हींनी मिळून केले असावे, नक्की कशाने किती ते आता सांगता येणार नाही, असे ते म्हणाले. हे 'असावे' मी मुद्दाम नोंदवते. ज्याची खात्री नाही ते खात्रीने लिहू नये, हे मी मुलांना शिकवत आले आहे. पण त्या संध्याकाळी मी घरी वेळापत्रकाची कच्ची प्रत काढून पाहिली. आठ रकाने, आठ खुणा, पाच पाळ्या, सगळे पट्टीने आखलेले. नवव्या जीवाचा रकाना मी आखलाच नव्हता.

यापुढचा भाग लिहिताना मला कुणाची दया नको आहे. मूत्रपिंडे निकामी झाली की शरीरातले पाणी बाहेर जात नाही. ते पायांत साचते, पोटात साचते, शेवटी फुप्फुसात साचते. म्हणून अशा रोग्याचे पाणी तोडावे लागते. जिने पाच उन्हाळे तहान मारली, तिला तहान भागवायची परवानगी आता कायमची गेली. यंत्रावर रक्त गाळायला सुमन तिला मुंबईला नेई, आणि मधल्या दिवसांत चहा, डाळीचे पाणी, सगळे धरून दिवसाला ठरावीकच पाणी. ते मोजायचे काम मी आपण होऊन घेतले. शाळेच्या प्रयोगशाळेतले रेघा असलेले काचेचे मोजपात्र मी घरी आणले. मे महिन्याची सुटी होती. मी रोज दुपारी तिच्या बाजेशी बसून पात्र डोळ्यांच्या पातळीला धरीत असे, वक्र पृष्ठभागाचा तळ रेघेला लागेपर्यंत ओतीत असे आणि ते तिला चमच्याने देत असे.

तिची बाज गोठ्याला लागून असलेल्या खोलीत होती. मधली भिंत कुडाची. पलीकडे सुमन पाळीप्रमाणे म्हशींना पाणी पाजत असे आणि म्हैस पाणी ओढते त्याचा आवाज खोलीत स्पष्ट येई. मथुराबाई डोळे मिटून तो ऐके आणि कुठली म्हैस पिते आहे ते सांगे. "वाकड्या शिंगाची... आता टिकलीवाली... ऐक गो, कशी पितंय रांड!" एकदाही चुकली नाही.

आमच्या शेवटच्या भेटीत तिचे त्या दिवसाचे पाणी संपले होते. दोन्ही पारे त्या दिवशी एकमेकांना चिकटले होते. ती म्हणाली, "बाई, घोटभर दे ना गो."

"नाही, मथुरा. आजचे झाले."

"अर्धा घोट. मोजू नको."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

"डाक्टर हाय का इथं? तू हायस." तिने माझे मनगट धरले. ओठांवर पापुद्रे होते. "पाच वरसां तुझा कागद मी चुकवला का? एकदा तरी? मंग तू एकदा माझ्यासाठी चुकव."

मी दिले नाही. ओले फडके तिच्या ओठांवर फिरवले आणि ती ते दातांत धरून चोखू लागली, तेव्हा तेही सोडवून घेतले. तिने माझ्याकडे पाहिले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "जा तू घरी." त्यानंतर मी त्या खोलीत गेले नाही, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

दहाव्यानंतर मी त्या डॉक्टरांना भेटले आणि एकच गोष्ट विचारली : त्या दिवशी एक घोट दिला असता तर? "खरं सांगू का? एका घोटाने काही फरक पडला नसता, बाई. द्यायचा होता." हे उत्तर मी विचारून मिळवले आहे, त्यामुळे तक्रार करण्याची सोय नाही.

गेल्या आठवड्यात मी दुपारी गोठ्यात गेले. वेळापत्रक काढून टाकावे असे मनात होते. सुमनने हात आडवा धरला. "त्याला हात लावायचा नाय. आईचं हाय ते." मी तिला सगळे समजावले. नियम, पाळ्या, मूत्रपिंडे, वर जे लिहिले आहे ते सगळे. तिने रहाट न थांबवता ऐकले. ऐकून झाल्यावर मी लोटा भरून तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला आणि टिळ्याच्या म्हशीपुढच्या पिंपात ओतला.

"आई मेली तरी नाय पिली," ती म्हणाली, "आन् मी पिऊ?"

तिचे वय एकवीस आहे. गेले काही दिवस तिची कंबर दुखते. मी विचारले तेव्हा म्हणाली, "रहाटानं दुखतंय, दुसरं काय." माझ्या बोलण्याला तिच्यापुढे आता वजन उरलेले नाही आणि ते का उरलेले नाही, हे वर आले आहे. तिला पटेल तर तिच्यासारख्याच गोठ्यातल्या बाईचे पटेल.

म्हणून बाळकुम, कळवा, कल्याण, डोंबिवली, जिथे जिथे अजून म्हशी आहेत आणि तळी उरलेली नाहीत, तिथल्या वाचकांना माझी विनंती आहे. एका दुपारी घड्याळ घेऊन गोठ्यात बसा आणि बादली वाहणारे माणूस किती वेळाने पाणी पिते ते पाहा. मग एके सकाळी, धार काढण्याआधी, म्हशीला पाणी दाखवण्याआधी, तिच्यासमोर उभे राहून तांब्याभर पाणी प्या आणि धारेला बसा. ती खरेच पान्हा चोरते का ते बघा. एकदा बघू नका, आठ दिवस बघा, वेगवेगळ्या म्हशींवर बघा आणि जे दिसेल ते लिहून ठेवा. मी सांगते म्हणून काहीही मानू नका. स्वतः पडताळून पाहा, आणि जे आढळेल ते सुमनला येऊन सांगा. लवकर सांगा. गोठा बाळकुममध्ये कुणीही दाखवेल.